वस्तीतली बाई बेपत्ता झाली किंवा मारली गेली तर घरच्यांनी काय करायचं: पहिल्या तासापासून कोर्टापर्यंत, आणि त्यानंतरही

वस्तीवरची, पाड्यावरची, पालावरची बाई घरी आली नाही आणि घरचे ठाण्यात गेले की बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "गेली असेल कुणासोबत, येईल चार दिवसात." हेच वाक्य एखाद्या बंगल्यातल्या मुलीच्या बापाला कुणी ऐकवत नाही. म्हणून हा लेख दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांसाठी, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या बायांच्या घरच्यांसाठी, धुणीभांडी करणाऱ्या, देहविक्री करणाऱ्या बायांसाठी आणि तृतीयपंथी मैत्रिणींसाठी, आणि त्यांच्यासोबत ठाण्यात जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी. मोठा आहे, पण सेव्ह करून ठेवा, कारण वेळ आली की शोधायला सुचत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. या केसेस कोर्टात हरल्या असं आपण म्हणतो, पण त्या बहुतेक वेळा ठाण्यात पहिल्या दोन-तीन दिवसातच हरलेल्या असतात, जबाबात काय लिहिलं, काय लिहिलं नाही, पीएम (शवविच्छेदन) कसं झालं, यावर. खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, भैय्यालाल भोतमांगेंची बायको, मुलगी आणि दोन मुलं जमावाने मारली. पहिलं पीएम वरवरचं झालं, नंतर मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले, तोवर जे हातातून जायचं ते गेलं होतं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची शिक्षा केली, पण अ‍ॅट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) लागली नाही, लैंगिक अत्याचाराचा मुद्दा उभा राहिला नाही. सगळ्या महाराष्ट्राला दिसत होतं की हे जातीमुळे झालं, कागदावर मात्र ते आलं नाही. भैय्यालाल 2017 मध्ये गेले. त्यामुळे खाली सगळीकडे मी कागद कागद करणार आहे, कंटाळू नका.

बाई सापडत नाही, पहिला दिवस

24 तास थांबायचा कुठलाही कायदा नाही. पोलीस म्हणाले "उद्या या" तरी उठायचं नाही. आधी 112 ला फोन लावा, कारण त्या कॉलची नोंद राहते, वेळेसकट, आणि नंतर "तुम्ही उशिरा आलात" असं कुणाला म्हणता येत नाही. मग ठाण्यात जा, एकट्याने नाही, दोघं-तिघं जा, त्यात एक लिहिता येणारं माणूस असू द्या.

तक्रार तोंडी सांगू नका, लिहून न्या, दोन कॉपी. एक त्यांना, दुसरीवर पोच घ्यायची, शिक्का, तारीख, वेळ. पोच देत नसतील तर तोच कागद व्हॉट्सॅपवर आणि ईमेलवर ठाण्याला आणि एसपी ऑफिसला पाठवा आणि ठाणे अंमलदाराचं नाव आणि बक्कल नंबर वहीत लिहा. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायला सांगितलंय, म्हणजे तुम्ही ठाण्यात गेला होता याचा पुरावा ठाण्यातच असायला हवा, माहिती अधिकारात आणि कोर्टामार्फत तो मागता येतो.

तक्रारीत काय काय हवं? उंची, रंग, अंगावरचे कपडे, दागिने, आणि गोंदण. गोंदण विसरू नका, आपल्याकडे कपाळावर हनुवटीवर हातावर असतं आणि ओळख पटवायला ते फोटोपेक्षा जास्त कामाला येतं. शेवटचा फोन कुणाचा, कुणी पाहिलं, मोबाईल नंबर, फोनच्या डब्यावरचा आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बँकेचं पासबुक. कामाला गेली असेल तर मुकादमाचं नाव, गाडीचा नंबर, कारखाना किंवा भट्टी कुठली, उचल किती घेतली होती. कुणावर संशय असेल, आधी धमकी दिली असेल, जमिनीचा वाद, पाण्याचा वाद, कुणी पाठलाग करत होतं, ते सगळं पहिल्याच कागदात. नंतर सांगितलं की समोरचा वकील म्हणतो मागाहून रचलंय.

आता इथे एक महत्त्वाचा फरक आहे. ती 18 वर्षांखालची असेल तर नुसती मिसिंग चालत नाही, बचपन बचाओ आंदोलन केसमध्ये 10 मे 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मूल बेपत्ता झालं की अपहरण किंवा मानवी वाहतूक धरूनच एफआयआर करायचा. सोबत 1098 या मुलांच्या हेल्पलाईनला पण कळवा. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला लगेच काढून ठेवा, कारण "18 पूर्ण आहे, स्वखुशीने गेली" हे पुढचं वाक्य असतं. मोठी बाई असेल तर पोलीस मिसिंग रजिस्टरला नोंद घेतात, तो नंबर मागून घ्या, पण जोरजबरदस्तीचा, फसवून नेल्याचा, विकल्याचा संशय असेल तर स्पष्ट लिहा की आमची तक्रार मिसिंगची नाही, अपहरणाची आहे, मानवी वाहतुकीची आहे, आणि भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 137, 140, 143 यातलं जे लागू होतं ते लावा.

हद्दीवरून फिरवणं हा जुना खेळ. बीडची बाई कर्नाटकातल्या फडावरून गायब झाली की बीडवाले म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात इकडे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 173 मध्ये झिरो एफआयआर आता लिहिलेला आहे, गुन्हा कुठेही घडला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने घ्यायची. ऑनलाईन पाठवली तर तीन दिवसात जाऊन सही करायची. आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, चहापाण्याचे पैसे द्यायचे नाहीत.

एफआयआर घेतच नाहीत

2013 च्या ललिता कुमारी निकालात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगून झालंय की दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर घ्यावाच लागतो. तरी घेत नाहीत, तर पायऱ्या अशा: तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने एसपींना किंवा आयुक्तांना, पावती जपून ठेवायची, तरी काही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. एसपींची पायरी गाळून थेट मॅजिस्ट्रेटकडे गेलात तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून ती पावती सोन्यासारखी जपा.

लैंगिक अत्याचार, अ‍ॅसिड हल्ला, मानवी वाहतूक अशा गुन्ह्यांची नोंद न घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 199 खाली सहा महिने ते दोन वर्ष शिक्षा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 4 मध्ये पण कर्तव्यात कसूर केल्याबद्दल शिक्षा आहे. ही कलमं भांडायच्या सुरात नाही, अर्जाच्या शेवटी शांतपणे लिहायची, वाचणाऱ्याला बरोबर कळतात.

बाईला कुणी डांबून ठेवलंय असं वाटायला ठोस कारण असेल तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस करता येतं, पोलिसांना तिला कोर्टासमोर हजर करावं लागतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी, आणि 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, तुमचा जिल्हा ज्याच्या हद्दीत येतो तिथे. वकिलाचे पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. जिल्हा कोर्टात ऑफिस असतं, फोन 15100. मिळालेला वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागा, संकोच करू नका.

शोधताना

पोलिसांवर सगळं सोडू नका, पण पोलिसांचं काम स्वतः करायला पण जाऊ नका. सीसीटीव्ही हे घरच्यांचं काम आहे, कारण दुकानातला, पेट्रोल पंपावरचा डीव्हीआर थोड्याच दिवसात जुनं पुसून नवं भरतो. दुकानदाराला हात जोडून सांगा की फुटेज राहू द्या, आणि पोलिसांना लेखी द्या की अमुक ठिकाणचं फुटेज ताबडतोब जप्त करा. कॉल रेकॉर्ड मात्र पोलीसच काढू शकतात, त्यासाठी लेखी मागणी करा. तिचा फोन घरी राहिला असेल तर तो उघडत बसू नका, आणि तिचा कंगवा, टूथब्रश, न धुतलेला कपडा कागदी पिशवीत बाजूला ठेवा. वाईट वाटतं हे लिहिताना, पण डीएनएसाठी लागू शकतं.

अनोळखी मृतदेहांची नोंद प्रत्येक ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणजे एडी रजिस्टरला असते. आपल्या ठाण्याची एडी पाहून थांबू नका, शेजारच्या जिल्ह्यांची, आणि लोहमार्ग पोलिसांची वेगळी विचारा, रुळाजवळ सापडलेली बॉडी गावच्या ठाण्याच्या नोंदीत नसते आणि घरचे महिनोनमहिने चुकीच्या दारात उभे असतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या शवागारात पण फोटो घेऊन जा. हे काम आईला करायला लावू नका, नात्यातल्या दुसऱ्या कुणी करा.

फोटो व्हायरल करताना घरचा पत्ता, लहान मुलांचे फोटो टाकू नका. पोस्टवर ठाण्याचा नंबर द्या, स्वतःचा दिला तर पैसे मागणारे भामटे फोन करतात, "मुलगी आमच्याकडे आहे" म्हणून. आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर तिचं नाव-फोटो थांबवा, न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, ती हयात नसली तरी.

वाईट बातमी आली तर

इथे सगळ्यात जास्त घाई केली जाते आणि इथेच सगळ्यात जास्त गमावलं जातं. "रात्रीच उरकून घ्या, वातावरण तापेल" असं सांगणारे खूप येतील, त्यात आपलेही असतील. उत्तर प्रदेशातलं हाथरस आठवा, सप्टेंबर 2020, घरच्यांना घरात थांबवून पोलिसांनीच मध्यरात्री मारल्या गेलेल्या दलित मुलीचा अंत्यविधी उरकला, अलाहाबाद हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, आणि 2023 मध्ये चारपैकी एकाच आरोपीला शिक्षा झाली, ती पण खुनाची नाही, सदोष मनुष्यवधाची.

तर: इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा घरच्यांसमोर व्हावा, पंच कोण आहेत ते बघा, आरोपीच्या भावकीतले नकोत. अंगावरच्या प्रत्येक खुणेची नोंद झाली का वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, न कळता सही किंवा अंगठा नाही. सात वर्ष किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक पथकाने जागेवर यायची तरतूद आता कायद्यात आहे, पथक बोलवा म्हणून लेखी मागा. पीएमच्या आधीच अर्ज द्या, इन-कॅमेरा म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डिंग करून पीएम, डॉक्टरांचं पॅनल, त्यात महिला डॉक्टर, शक्यतो मेडिकल कॉलेजला, आणि लैंगिक अत्याचाराचे स्वॅब, नखांचे नमुने, व्हिसेरा म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने राखून ठेवा असं स्पष्ट लिहून. हे पीएमनंतर सुचून उपयोग नाही. शंका थोडीही असेल तर दहन करू नका, दफन करा, दुसऱ्या पीएमची वाट मोकळी राहते.

आपल्याकडे मृतदेह ताब्यात न घेण्याचं आंदोलन होतं. ते चुकीचं नाही, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच कलमं लागतात. पण मागण्या दोन-तीनच ठेवा, एफआयआर, अटक, अ‍ॅट्रॉसिटीची कलमं, आणि मिळालेलं आश्वासन लेखी घ्या. बॉडी शीतपेटीत आहे ना बघा. आणि निर्णय घरच्यांचा, नेत्यांचा नाही. आईला तिला घरी न्यायचं असेल तर विषय संपला.

जबाब आणि अ‍ॅट्रॉसिटी

अनुसूचित जाती-जमातीची बाई असेल तर पहिल्या जबाबात तीन वाक्यं यायलाच हवीत: आमची जात ही आहे, आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत, आणि आरोपीला आमची जात माहीत होती, कारण एकाच गावात राहतो, शेतावर कामाला जातो, वगैरे. 2016 पासून सुधारित कलम 3(2)(v) साठी आरोपीला जात माहीत होती हे पुरेसं आहे, आणि कलम 8 प्रमाणे ओळख असेल तर जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं. 2021 च्या पाटण जमाल वली निकालात सुप्रीम कोर्टाने हे नीट समजावलंय, बाई असणं, दलित असणं आणि अपंग असणं हे एकाच वेळी कसं तिच्यावर येतं ते पण. बौद्ध असाल तर जातीच्या दाखल्याचा गोंधळ आधी सोडवा. गुन्हा नोंदवायला दाखला लागत नाही, पण पुढे मदतीच्या फाईलला अडवतात.

अ‍ॅट्रॉसिटीत तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, आरोपपत्र 60 दिवसात, गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. हवालदाराने तपास केला असेल तर आरोपीचा वकील पुढे तोच मुद्दा वापरतो, म्हणून आत्ताच लेखी हरकत घ्या.

नंदुरबारकडे किंवा मेळघाटात डाकीण ठरवून मारलं असेल तर जादूटोणाविरोधी कायदा 2013 आणि अ‍ॅट्रॉसिटीतलं चेटकीण ठरवण्याबद्दलचं कलम, दोन्ही लावून घ्या.

भटक्या-विमुक्तांचं दुखणं वेगळं. पारधी अनुसूचित जमातीत येतात, पण बऱ्याच जमाती येत नाहीत, कैकाडी विदर्भात एक आणि बाकी ठिकाणी दुसऱ्याच यादीत, त्यामुळे तोच अन्याय, तीच मारहाण आणि अ‍ॅट्रॉसिटी मात्र लागत नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. त्यांच्यासाठी न्याय संहितेचं कलम 103(2) बघा, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, लिंग अशा कारणावरून खून केला तर ते लागतं. पोलीस आपणहून लावत नाहीत, वकिलाला सांगा.

देहविक्री करणाऱ्या बाईच्या केसमध्ये घरचे पुढे येत नाहीत किंवा नसतातच, मग मैत्रिणीने तक्रार दिली तरी चालते, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुणीही देऊ शकतं. सुप्रीम कोर्टाने मे 2022 मध्ये पोलिसांना स्पष्ट बजावलंय की या बायांशी सन्मानाने वागा.

तपास आणि कोर्टाची वर्षं

एक फाईल करा, प्लास्टिकची, पावसात टिकणारी. त्यात प्रत्येक कागद तारखेने, आणि मोबाईलमध्ये फोटो. तपास कुठवर आला हे 90 दिवसात कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर अर्ज. महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब मॅजिस्ट्रेटसमोर त्याच संहितेच्या कलम 183 खाली करून घ्या, गावात दबाव आला की माणसं फिरतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना पण त्याच गावात राहायचंय.

धमकी आली, किराणा बंद केला, पाणी बंद केलं, दरोड्याची उलटी केस टाकली, प्रत्येकाची वेगळी तक्रार. अ‍ॅट्रॉसिटीच्या कलम 15अ मध्ये संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन, आणि आरोपीच्या जामिनाच्या वेळी तुम्हाला नोटीस आणि बोलायची संधी, हे सगळं हक्क म्हणून आहे. नोटीस न देता जामीन झाला असेल तर तेवढ्या मुद्द्यावर तो रद्द करायला जाता येतं. सरकारी वकील नीट बघत नाही वाटलं तर अ‍ॅट्रॉसिटी नियमांतल्या नियम 4(5) प्रमाणे पसंतीच्या वकिलाची मागणी कलेक्टरकडे करा.

पोलिसांनी "ए समरी" पाठवली म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, "बी" म्हणजे तक्रार खोटी. यात तुम्हाला नोटीस येते, ती आली की पंधरा दिवस घरात ठेवू नका, लगेच वकिलाकडे, विरोध अर्ज टाकून पुढच्या तपासाची मागणी करता येते.

पैशाचं बोलायला लोक लाजतात, "मेलेल्या लेकीचे पैसे" म्हणून टोमणे पण बसतात. बिनधास्त घ्या, ते उपकार नाहीत. अ‍ॅट्रॉसिटी नियमात 2016 पासून खुनासाठी 8,25,000 रुपये आहेत, निम्मे पीएमनंतर, निम्मे आरोपपत्र कोर्टात गेल्यावर. शिवाय तीन महिन्यात पेन्शन, घरातल्या एकाला नोकरी, जमीन, घर, मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण. पहिली रक्कम बहुतेक वेळा मिळते, पेन्शन आणि नोकरीला वर्षानुवर्षं चपला झिजवायला लावतात. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, आणि अडलं तर कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता समितीकडे, तिची बैठक तीन महिन्यातून एकदा व्हायला हवी, किंवा 14566 ही अ‍ॅट्रॉसिटी हेल्पलाईन. अ‍ॅट्रॉसिटी लागत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाई योजनेचा अर्ज आहेच.

घरच्यांचं काय

कायद्याचं लिहिणं सोपं आहे, हे अवघड. बेपत्ता बाईची आई "आहे" म्हणू की "होती" म्हणू यातच अडकते. दिवस घालता येत नाहीत, पुण्यानुमोदन (बौद्धांचा मृत्यूनंतरचा विधी) करता येत नाही, आणि नातेवाईक म्हणतात आता सोड. तिला सोडायला सांगू नका. सात वर्ष काहीच खबर नसेल तर कोर्टातून मृत्यू गृहीत धरून घेता येतो, जमिनीच्या, पेन्शनच्या कागदांसाठी तो लागतो, पण तो कागदी व्यवहार आहे हे आईला नीट समजावून सांगा, नाहीतर तिला वाटतं आपणच लेकीला मारलं. रेशन कार्डातून नाव काढायची घाई करू नका.

मुलं असतील तर बालकल्याण समितीकडे जाऊन बालसंगोपन योजनेत नाव घाला. मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाच्या शब्दात. "आई गावाला गेलीय" सांगितलं की ती दारात बसतात, आणि मग शाळेत दुसरंच कुणीतरी सांगतं. झोप न येणं, जेवण न जाणं, सारखी भीती वाटणं यासाठी 14416 वर टेलिमानस आहे, मराठीत बोलता येतं, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग. भगताकडे, भंतेजींकडे, देवळात जायचं असेल तर तेही करा, दोन्ही एकदम चालतं. बापांकडे विशेष लक्ष द्या, ते बोलत नाहीत आणि दारूत जातात.

तारखेच्या दिवशी सोबत कुणीतरी जायलाच हवं. कोर्टाच्या आवारात आरोपीचे दहा-पंधरा लोक हसत उभे असतात आणि आई एकटी बाकड्यावर असते, हे होऊ देऊ नका. वस्तीत पाळी लावा, या तारखेला कोण, पुढच्या तारखेला कोण, डबा कोण नेणार, एसटीचे पैसे कोण देणार, आणि ती यादी फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा, कलम 15अ प्रमाणे कार्यकर्त्याला सोबत घ्यायचा हक्क आहेच. तालुक्यात असंच घडलेलं दुसरं घर असेल तर दोन आयांची गाठ घालून द्या, आपण कितीही बोललो तरी त्या एकमेकींना जे विचारतात ते आपल्याला विचारता येत नाही.